रविवारच्या राइडआधी ऑइल बघून घ्या बरं का

मंडळी, रविवारी वेरूळला गाड्या काढायच्यात, त्याआधी डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. काही जण पद्मिनी, अँबेसिडरमधे नव्या गाडीचं ०डब्ल्यू-२०, म्हणजे एकदम पातळ ऑइल टाकायलेत, कामून बाबांनो? जुन्या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) सरळ टॅपेटवर (त्याखालच्या दट्ट्यावर) घासतो, तिथं झीज रोखायला ऑइलात झिंक-फॉस्फरस लागतं, अन् नव्या पातळ ऑइलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) वाचवायला फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्केच ठेवतेत. मिनरल (साधं, सिंथेटिक नसलेलं) २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल घ्या, आपल्या ४२ डिग्रीच्या उन्हात तेच टिकतं. डब्यावर झिंकचं लिहिलंय का बघा. माझ्या पद्मिनीत मागं एका मिस्त्रीनं पातळ सिंथेटिक ओतलं, दौलताबादच्या घाटात सीलमधून असं ठिबकलं की घरी आल्यावर फरशीवर पडलेला डाग अजून निघंना. ऑइल बदलणार असाल तर इंजिन गरम असतानाच काढा, ड्रेन प्लगचं (खालून ऑइल काढायच्या बोल्टचं) वॉशर नवं टाका.