पडवी तोडायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

आपल्या घराचे जुने नकाशे पोचले. बाबांनी वरून बांधलेली प्लास्टिकची पिशवी आधी काढून टाकली, तिच्यात दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा आहेत ते ब्लूप्रिंट, उजेडाने फिकं पडतं म्हणून फ्रेम करून ओटीवर लावायचं नाही, मी स्कॅन करून प्रिंट पाठवते तो लावा. आणि आई, तू ज्याला मेणकापड म्हणतेस ते खळ लावून गुळगुळीत केलेलं सुती कापड आहे, ट्रेसिंगचं, म्हणून तर कसरीने कडा कुरतडल्यात, आणि राहिलेत त्यांना ओलं फडकं अजिबात लावू नकोस, खळ सुटते.

पण मुद्दा पडवीचा आहे. बाबा, गाडीसाठी पुढची पडवी काढून स्लॅब टाकायचा म्हणताय ना, तर १९१२ चा तो सेक्शन बघा, घर उभं कापल्यासारखं दिसतं तो. भिंती लाल, लाकूड पिवळं, लोखंड निळं, तेव्हा असेच रंग भरायचे. स्केल एका इंचाला आठ फूट. पट्टी लावली तर मुंबईच्या ड्राफ्ट्समनने पडवी पाच फुटीच काढलीय, बाजूला कुणीतरी पेन्सिलने रेघ पुढे ओढून आठ फूट केलीय आणि वासेही लांबवलेत. त्याच पेन्सिलने घरातलं न्हाणीघर काट मारून मागच्या दारी नेलंय, हे पणजीचंच काम असणार, पणजोबांना एवढं कुठे सुचतंय! मुंबईत बसून काढणाऱ्याला आपला आडवा पाऊस काय माहीत, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि वाऱ्यासोबत येतो तेव्हा छत्रीसुद्धा उपयोगाची नाही.

आपल्या भिंतींचा जांभ्याचा चिरा मातीत बसवलेला आहे, सिमेंटात नाही, तसं नकाशावर लिहिलंयच. जांभा पाणी पितो, आणि सांध्यातली माती एकदा धुपायला लागली की भिंत सुटत जाते. म्हणजे पडवी नुसती बसायला नाहीये, तिने पुढची भिंत कोरडी ठेवलीय इतकी वर्षं. आणि कौलं नि स्लॅब जिथे भेटतील तिथे गळणारच, शेजारी बघताय ना दर जुलैला डांबर लावतात ते.

गाडीला खळ्याच्या बाजूला, विहिरीकडे, वेगळे खांब रोवून पत्र्याची शेड करा, घराला कुठेही न टेकवता. दिसायला बरी नाही दिसणार, मान्य. मिस्त्री आला की मला व्हिडिओ कॉल लावा, मी सेक्शन दाखवते त्याला, आणि तोपर्यंत एकही वासा काढू देऊ नका. आई, तू लक्ष ठेव, बाबा अॅडव्हान्स देऊन मोकळे होतील.

तुमची,
ताई