बेअरिंग नसलेला पंप

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "पंपाचंच काम करायचं होतं तर ह्यूस्टनला कशाला गेलीस? आपलं इस्लामपूरचं दुकान काय वाईट होतं?" आई मागे हसली, तेही ऐकलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

हृदय पार थकलं आणि औषधांनाही दाद देईना, की त्याच्या डाव्या कप्प्याला पंप जोडतात. त्यातला हार्टमेट 3 साधारण 200 ग्रॅमचा. मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. आणि बाबा, त्यात बेअरिंगच नाही! आतली फिरकी चुंबकांच्या जोरावर रक्तात तरंगत फिरते. बेअरिंग गेलेल्या मोटरींवर आपलं अर्धं घर चाललं. असा पंप सगळीकडे असता तर माझी फी कुठून भरली असती? (आई, या पेशंटची नाडी बऱ्याचदा हाताला लागत नाही. नर्स मनगट चाचपत असते आणि हा आपला समोर बसून गप्पा मारतोय.)

खोट आहे ती वायरीत. पोटातून एक केबल बाहेर येते ती कमरेच्या कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली. त्याच वाटेनं जंतू आत शिरतात. पाण्यात उतरायचं तर नावच नको. एका आजोबांनी मला विचारलं, "जगतोय ते ठीक, पण पोहणार कधी?" तुम्ही विहिरीत सूर मारायचात ते आठवलं.

ती वायर काढणं हा आमचा उद्योग. पंप लहान करायचा, त्याची विजेची भूक कमी करायची. मग एक कॉइल कातडीखाली, एक बाहेर. ट्रान्सफॉर्मरच समजा, फक्त मधे लोखंडाऐवजी माणूस! कल्पना जुनी आहे. 2001 साली अमेरिकेत बसवलेल्या अ‍ॅबिओकॉर या कृत्रिम हृदयाला वीज अशीच दिली होती. 2018 च्या अखेरीस कझाकस्तानात, अस्तानाला, दोन पेशंटच्या छातीत फुप्फुसाभोवती कॉइल बसवली. बाहेरच्या कॉइलचा पट्टा काढून ते आतल्या बॅटरीवर काही तास मोकळे हिंडले.

मग अडतं कुठे? पंपाला लागतात पाचेक वॅट, पण माणूस कुशीवर वळला की कॉइली एकमेकींसमोरून सरकतात आणि वीज घटते. जोर वाढवावा तर तापतात. शरीरापेक्षा दोन अंशांहून जास्त तापून चालत नाही.

दिवाळीचं तिकीट मी पुढे ढकललं ते यामुळेच. मिठाच्या पाण्यात ठेवलेली माझी कॉइल तापतच होती. केसाइतक्या बारीक शेकडो तारा पिळून केलेली वायर असते ती. तीन आठवडे आम्ही गणितं तपासली. शेवटी भिंगाखाली टोक धरलं, तर निम्म्या तारांवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, निघालेलंच नव्हतं. "आधी खरवड, मग डाग दे," असं सांगत सातवीत तुम्ही माझ्या हातावर पट्टी मारली होती. इथे हे कोणाला सांगितलं नाही.

आई, बाबा दुकान आवरताहेत म्हणालीस. आवरू देत. पण वाइंडिंगचं हात-मशीन, ते फेरे मोजायच्या काट्याचं, भंगारात देऊ नका. इथे एक कॉइल गुंडाळून मागवली तर यायला महिना लागतो. जानेवारीत येईन तेव्हा सामानात घेऊन जाईन.

तुमची,
शुभा