आई, तुझं नाव देऊन टाकलंय

ती. आई-बाबा, सा. न.

आई, आधी रागवून घे, मग पुढचं वाच. सतत गरगरणाऱ्यांच्या मेंदूचा जो अभ्यास चाललाय, त्यात मी तुझं नाव दिलंय. सही तुझीच लागते आणि नको वाटलं तर ऐन वेळीही उठून येता येतं, म्हणजे पक्कं काहीच नाही. माझ्या मनात मात्र पक्कं आहे.

बाबा म्हणतील, एमआरआय नॉर्मल आला होता, पुन्हा कशाला? तो गाठ, रक्तस्राव वगैरे बघायला होता. हा फंक्शनल एमआरआय. आई नुसती पडून राहणार आणि मेंदूच्या कुठल्या भागांतल्या रक्तातला ऑक्सिजन एका तालात वरखाली होतो, ते यंत्र टिपणार. हात स्थिर असतानाही हात हलवणारे दोन्ही बाजूंचे भाग जोडीनं चालू असतात, हे भरत बिस्वाल या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, उभं राहिल्यावर किंवा हलतं काही बघितल्यावर वाढणारी आईसारखी चक्कर असलेल्यांमध्ये नजरेच्या आणि तोलाच्या भागांचं हे जुळणं वेगळं दिसलंय. तोल सांभाळताना कानाकडून कळणाऱ्या तोलापेक्षा मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबत असावा, असा कयास आहे. सगळे अभ्यास एकच सांगत नाहीत. एकट्या आईच्या स्कॅनवरून निदानही होणार नाही. तरी हवाय, कारण ‘मनाचे खेळ’ हे शब्द मला आता घरात नकोत. बाबा, तुम्ही काळजीपोटीच म्हणता, ठाऊक आहे मला.

आई, त्यात क्ष-किरण नसतात. आवाज दणदणीत असतो, पण कानात बोळे देतात. पांघरूण मागून घे, लाजू नकोस. हातात बटण असतं, दाबलंस की लगेच बाहेर काढतात. मला झोप येत नसली की तू उलटे आकडे म्हणायला लावायचीस ना, तुझा हात कपाळावर असायचा. ते मात्र तिथे करायचं नाही. मुद्दाम काहीच करायचं नाही, झोपायचं नाही, डोकं हलवायचं नाही.

गुडघ्यातल्या धातूचं फॉर्मवर आठवणीनं लिही. दागिने घरीच ठेव. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. बाबा, यादी तुम्ही करा. आणि गरगरतं म्हणून मान वळवायचीच नाही, हे बंद. त्यानंच ते लांबतं. शिकवलेले व्यायाम रोज, भिंतीजवळ उभं राहून, बाबा शेजारी असताना.

शनिवारी फोन करते. तोवर भांडून घ्या आपसात.

तुमची धाकटी