पहाटे सहाचा फोन

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी गप्प झालो त्याचा राग आला असेल. तू म्हणतेस, दोन लाख जाहिरातीला घालू. तुझा भागीदार म्हणतो, आधी दूध संस्थांसाठीचं तुमचं सॉफ्टवेअर नीट करू. दोघांचंही पटलं, म्हणून बोलायचं सुचेना.

दूध संस्थेत मी २२ वर्षं सचिव होतो. पहाटे सहाला किटल्या घेऊन रांग लागते. वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), पावती, की पुढचा. गेल्या महिन्यात तुझं सॉफ्टवेअर आपल्या संस्थेत बसवलं, तेव्हा मुद्दाम जाऊन कोपऱ्यात उभा राहिलो. स्क्रीन देखणी आहे, खोटं कशाला बोलू. पण दूध ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचं आणि पावतीवर दर जुन्या दरपत्रकाचा! दूध घेणाऱ्या संघानं आदल्या दिवशी दर बदलला होता, तुमच्याकडं तो चढलाच नव्हता. सचिवानं फोन लावला, तो तुमच्या पोरानं साडेनऊला उचलला. तोवर टँकर गेलासुद्धा. पुढं दहा दिवसांच्या बिलात फरक दिलात, मान्य. पण शेजारच्या गावच्या सचिवानं मला पारावर गाठून विचारलंच, "तुमच्या लेकीचंच ना ते?"

म्हणून दार लावून दुरुस्त्याच करत बस, असं मी म्हणत नाही. वर्षभर तुम्ही रंग नि आलेख बदलत बसलात, तेव्हा चार संस्था फिरून ये म्हणून मीच ओरडत होतो. अँटीव्हायरसवाल्या क्विक हीलच्या काटकर बंधूंचं बघ. थोरल्याचं पुण्यात दुरुस्तीचं दुकान. व्हायरसनं आजारी पडलेले कॉम्प्युटर तिथं यायचे, त्यावरचा उतारा धाकट्यानं लिहिला. गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नाही, ते आधीच दुकानात उभं होतं. २०१६ ला कंपनी शेअर बाजारात गेली.

आणि इंटरनेटवर फायली ठेवायला जागा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सची गोष्ट तर तूच मला सांगितलीस. ९९ डॉलरचा माल खपवायला गुगलच्या जाहिरातीत एका गिऱ्हाइकामागं २३३ ते ३८८ डॉलर जायचे. मग त्यांनी मित्राला घेऊन येणाऱ्याला नि त्या मित्रालाही जास्तीची जागा फुकट दिली. सप्टेंबर २००८ चे एक लाख वापरणारे जानेवारी २०१० ला चाळीस लाख झाले. पण फायली बिनबोभाट चालत होत्या म्हणून लोक मित्राला सांगायला धजले. आपल्या संस्थेचा सचिव आज कुणाला सांगेल?

त्या दोन लाखांतनं आधी पहाटे साडेपाचला फोन घेणारा माणूस नेम. त्याच्या हातून जितक्या संस्था सांभाळल्या जातील तितक्याच घे, एकही जास्त नको. दर बदलला की नवं दरपत्रक सचिवाला दाखवा, त्यानं 'बरोबर' दाबल्याशिवाय वजन घ्यायचंच नाही, एवढं पक्कं करा. उरलेल्या पैशात गाडीत प्रिंटर टाकून तालुका फिर. सचिव लोक फेसबुकवर बघून काही घेत नाहीत, दुसऱ्या सचिवाला विचारून घेतात. मीही तसाच घ्यायचो.

आईनं भडंग केलंय, ते न्यायला रविवारी येणार म्हणालीस. शनिवारी मुक्कामालाच ये. पहाटे संस्थेत जाऊ, तू काट्यापाशी उभी राहा.

तुझे,
बाबा