चादरीवरच्या तिघांना, जुले!

नेरकचा गोठलेला धबधबा पाहून परतताना झंस्कार नदीवरची चादर (गोठलेल्या पाण्याचा थर, त्यावरूनच चालायचं) पायाखाली खचली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. ओरडायचंही सुचलं नाही, तोवर मागून कुणीतरी सॅकचा पट्टा धरून मला खेचलं. तो आमच्या ग्रुपचा पोर्टरही नव्हता.

त्याच्या सोबत्याने गमबूट उपसला, पाणी ओतून टाकलं. मोजा काढेपर्यंत पापडासारखा कडक झाला होता. तिसऱ्याने माझं पाऊल सरळ जाकिटाच्या आत, स्वतःच्या पोटाशी धरलं. लडाखातल्या जानेवारीत, जिथे रात्री पारा उणे २५ च्याही खाली जातो! बोटांत ठणका सुरू झाला तसा मी कळवळलो आणि ते तिघे हसले. दुखतंय म्हणजे बोटं शाबूत आहेत.

मग लोण्याचा खारट चहा. दोन दिवस त्याला नाक मुरडत होतो (पुणेकर, दुसरं काय!), तेव्हा मात्र तीन कप प्यायलो. पुढे कॅम्पपर्यंत त्यांच्यातला एक काठीने बर्फ ठोकून, आवाज ऐकून वाट दाखवत राहिला. मागे सामानाने लादलेली स्लेज ओढत होताच.

घाईत नावं विचारायची राहिली. निरोप घेताना फक्त ‘जुले’ म्हणालो. नमस्कारालाही तोच शब्द, आभारालाही तोच. मनापासून आभार, दादांनो. तुमच्यापैकी एकाचे राखाडी लोकरी मोजे अजून माझ्याकडेच आहेत.