उलटीची गोळी उलटी होण्याआधीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगावरच्या नव्या उपचारांच्या बातम्या आपल्या अंकात नेमाने येतात. केमो घेऊन घरी परतलेल्या माणसाचे पुढचे चार-पाच दिवस कसे जातात, यावर मात्र क्वचितच छापून येते. मी कराडजवळ औषधाचे दुकान चालवतो. मुंबई-कोल्हापूरहून केमो घेऊन एसटीने आलेली माणसे घरी जाण्याआधी माझ्या काउंटरवर फाइल उघडतात, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

"दादा, उलटीच्या गोळ्या दोनच द्या. त्रास झाला तर परत नेतो." हे वाक्य मला सतत ऐकू येते. दुखले की गोळी, ताप आला की गोळी, ही आपली रीत. केमोच्या उलटीला ती चालत नाही. उलट्या एकदा सुरू झाल्या की आवरणे फार अवघड जाते आणि गिळलेली गोळीही पोटात टिकत नाही. म्हणून तर पहिले औषध केमो सुरू होण्याआधीच देतात. घरी ज्या गोळ्यांवर ठरावीक वेळा लिहिल्या आहेत, त्या मळमळ असो वा नसो, त्या वेळेला घ्यायच्याच असतात. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाचा त्रास तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा उसळतो. पहिला दिवस बरा गेला म्हणून घरचे गोळ्या थांबवतात आणि तिसऱ्या दिवशी पेशंटला सलाइन लावायला न्यावे लागते. पहिल्याच केमोला असे हाल झाले की काहींना पुढच्या खेपेला हॉस्पिटलच्या नुसत्या वासानेही ढवळून येते. हे एकदा मनात बसले की औषधालाही लवकर दाद देत नाही.

दोष पेशंटचा नाही. चिठ्ठीवर 'बीडी', 'एचएस', 'एसओएस' अशी इंग्रजी अक्षरे असतात. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच, 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा आणि 'एचएस' म्हणजे झोपताना, हे शेतात राबणाऱ्या माणसाला कोण सांगणार? मी स्ट्रिपवर मार्करने 'सकाळ', 'रात्र' लिहून देतो. पण हे काम दुकानदाराच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाही.

यातल्या प्रत्येक गोळीचे वागणे वेगळे. डेक्सामेथासोन सकाळी खाल्ल्यावर घ्यावी. रात्री घेतली तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर चढते, ती त्या दिवसांत तपासायलाच हवी. ऑन्डॅनसेट्रॉनने, म्हणजे आपल्याकडच्या एमसेट, ऑन्डेमने, शौचाला घट्ट होते. पेशंट त्याचा दोष केमोला देतो आणि जेवण कमी करतो. खरे तर डॉक्टरांना सांगून पोट साफ होण्याचे औषध मागावे. ॲप्रेपिटंटच्या कॅप्सूल बहुधा तीन दिवसांच्या असतात, पहिली 125 मिलिग्रॅमची आणि पुढच्या दोन 80 च्या. महाग म्हणून पुढच्या दोन सोडल्या जातात.

सर्वात वाईट गत ओलान्झापिनची होते. घरातला मुलगा मोबाइलवर नाव टाकतो, मानसिक आजाराची गोळी असल्याचे वाचतो आणि "आमच्या आईला वेड लागलंय का?" म्हणून स्ट्रिप परत आणतो. उलटी थोपवायला हे औषध आता जगभर वापरतात. दिवसा फार गुंगी येते ही तक्रार मात्र खरी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅम देऊन पाहिले. उलटी रोखण्यात कमी डोस मागे पडला नाही आणि झोपाळूपणा घटला. हे संशोधन 2024 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले. तेव्हा गुंगीने त्रस्त असाल तर गोळी बंद करू नका, डोसबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणखी एक कळकळीची विनंती. घरात उरलेली उलटीवरची पेरिनॉर्म (मेटोक्लोप्रामाइड) किंवा गॅससाठीची पॅन-डी मनाने जोडू नका. पॅन-डीत डॉमपेरिडोन असते. ते आणि ऑन्डॅनसेट्रॉन, दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, आणि उलट्या-जुलाबांनी अंगातले पोटॅशियम उतरले असेल तर धोका वाढतो. पेरिनॉर्मने, विशेषतः तरुणांत, मान किंवा जबडा अचानक वाकडा होऊ शकतो. युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्येच त्या औषधाला साधारण पाच दिवसांची मर्यादा घातली.

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तिथून पुढच्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. पेशंट सकाळी येणार आणि संध्याकाळी घरी जाणार, म्हणजे पुढची सगळी काळजी घरच्यांवर. अशा प्रत्येक केंद्रातून, सरकारी असो वा खासगी, मोठ्या मराठी अक्षरांत वार आणि वेळ लिहिलेला गोळ्यांचा तक्ता पेशंटच्या हाती पडावा, ही राज्याच्या आरोग्य विभागाकडे माझी मागणी आहे. त्याच कागदावर रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर हवा. आणि तो कधी लावायचा तेही लिहिलेले हवे: पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, उलटीत रक्त दिसले, पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, किंवा ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता.

आपला,
एक फार्मासिस्ट, ता. कराड, जि. सातारा