विन्याला पत्र

नागपूर

प्रिय विन्या,

सलाम. तब्येत ठीक, बीपीची गोळी सुरू आहे, ते सोड. हे फोनवर सांगता आलं नसतं म्हणून लिहून राहिलो.

मागच्या रविवारी संडे स्कूल सुटल्यावर आठवीतली एक पोरगी आमच्या एका जुन्या मेंबरांजवळ गेली. बायबल हातात, त्यातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानात बोट घातलेलं. विचारते, अंकल, डायनासोर खरंच होते का? ते म्हणाले, "पेपरात मार्कांसाठी लिही बेटा, मनात मानू नको, पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे." तिने बोट काढलं, बायबल बंद केलं आणि थँक्यू म्हणून गेली. मला रात्रभर झोप नाही. अरे, शाळेत एक बोलायचं नि देवासमोर दुसरं, हे आपण लेकराला देवळात शिकवून राहिलो! आणि अशी पोरं वाद घालत नाहीत, कॉलेजात गेली की गुपचूप यायचं बंद करतात. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी तू बंद केलंस तसं. म्हणून तुलाच लिहितो.

सहा हजार बायबलमध्ये कुठे आहे बे? 1650 मध्ये अशर नावाच्या बिशपने वंशावळ्या जोडून इ.स.पू. 4004 काढलं, ते पुढे इंग्रजी बायबलच्या समासात छापलं गेलं आणि लोकांनी तेच वचन धरलं. उत्पत्तीत सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीचे तीन दिवस काय घड्याळाने मोजायचे? चर्चचे जुने गुरू संत ऑगस्टीन यांनी तर 1600 वर्षांपूर्वीच बजावलं होतं की निसर्गाबद्दल पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या नावाने भलतंसलतं बोललात तर बाहेरचे लोक तुमच्या पुनरुत्थानावर तरी काहून विश्वास ठेवतील.

आणि हे नागपुरात! जिथे स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप साहेब सुवार्ता सांगायचे, शाळा चालवायचे नि वेळ मिळाला की इथल्या टाकळीचे दगड फोडायचे. त्यांनी नि त्यांचे सोबती मिशनरी हंटर साहेबांनी गोळा केलेले जीवाश्म लंडनला गेले, हिस्लॉपाइट खनिजाला त्यांचं नाव मिळालं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात गेले. त्या माणसाला एका हातात बायबल नि दुसऱ्या हातात हातोडा जड झाला नाही, आणि त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलेले आपले लोक पोरीला खोटं लिहायला सांगतात. डायनासोरची हाडं तर इथून जवळ, वरोऱ्याच्या पिसदुऱ्याला सापडली आहेत. अंकलांना गाडीत घालून नेतो म्हटलं तर रागावले!

आपला तो टाकळीचा दगड आठवतो? मलाच सापडला होता, तू कितीही भांड. नखाएवढा शंख, वेटोळे साफ मोजता येतात. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत इथे तळं होतं, त्यातली ती गोगलगाय, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. ती हातात घेतली की मला बायबलमधलं स्तोत्र 19, आकाश देवाचा महिमा सांगतं ते, म्हणावंसं वाटतं, देव लहान नाही वाटत. हे त्या पोरीला कसं सांगू? पाळक साहेब म्हणतात कमिटीत विषय काढू नका, फूट पडेल. मी काढणारच.

तुझी बदली झाली का? आईंच्या मोतीबिंदूचं काय? वहिनींना सलाम, चिंटूला बारावीच्या शुभेच्छा.

एकच विचारतो, खरं लिही. बीएस्सीच्या त्या वर्षी आपल्या चर्चमधलं कोणी तुझ्याजवळ बसलं असतं, तर काय बोललेलं तुला चाललं असतं? येत्या रविवारच्या आत कळव.

तुझा,
सुधा